साडेचार मीटरची भरती, पण मोजली कुठून?

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महापालिका मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते आणि लगेच बातमी येते: ‘या दिवशी समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार.’ ती वाचून माणसं मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी गर्दी करतात. कधी समुद्र खवळलेला असतो, तर कधी भर उधाणातही तळ्यासारखा संथ. मग लोक म्हणतात, अंदाज चुकला. अंदाज चुकलेला नसतो, कारण तो आकडा लाटेचा नसतोच. भरतीचं पाणी किती वर चढेल, एवढंच तो सांगतो. लाटा त्या पाण्याच्या अंगावर उठतात आणि त्यांची उंची वारा ठरवतो.

पण वर चढेल म्हणजे कुठून वर? जमिनीपासून, समुद्राच्या तळापासून, की रोजच्या पाण्यापासून? हा प्रश्न मी अनेकांना विचारून पाहिला. जन्म मुंबईत गेलेल्या, रोज समुद्र बघणाऱ्या माणसांनाही उत्तर देता येत नाही, आणि यात त्यांचा दोष नाही, कारण ते कुणी सांगतच नाही. या आकड्याचं शून्य आलं आहे जहाजांच्या नकाशातून. ते शून्य एकदा समजलं, की जहाजं पाण्याखालचं काही दिसत नसताना वाट कशी काढतात हेही समजायला लागतं.

## शून्य कुठे आहे

कळसूबाईचं शिखर 1646 मीटर उंच आहे, असं आपण शाळेत शिकतो. ती उंची मोजलेली असते सरासरी समुद्रसपाटीपासून. वर्षानुवर्षं भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवून, त्यातून काढलेली ही मधली पातळी. डोंगर चढणाऱ्याला ती चालते, जहाज हाकणाऱ्याला चालत नाही. सरासरीपासून खोली मोजली, तर जवळपास निम्मा वेळ समुद्रात नकाशात लिहिलंय त्यापेक्षा कमी पाणी असेल. त्या निम्म्या वेळात कुणीतरी तळाला घासणारच.

म्हणून नकाशा करणाऱ्यांनी शून्य मुद्दाम खाली नेलं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जी मोठी ओहोटी लागते, तिच्यात पाणी जिथवर उतरतं, जवळपास तिथे. या पातळीला चार्ट डेटम म्हणतात. आपण तिला ‘नकाशाचं शून्य’ म्हणू. रोजंदारीवरचा माणूस किती भाड्याची खोली घ्यायची हे ठरवताना सरासरी कमाई धरत नाही. सगळ्यात वाईट गेलेला महिना आठवतो आणि त्यावर ठरवतो. इथे हिशोब तोच आहे.

मुंबईत सरासरी समुद्रसपाटी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ‘साडेचार मीटरची भरती’ ही सरासरी पाण्यापेक्षा साधारण दोनच मीटर वर असते. दोन मीटर ऐकायला कमी वाटतात. पण शहराच्या पावसाळी पाण्याच्या बऱ्याच नाल्यांची तोंडं त्या पातळीच्या खाली आहेत. अशा वेळी पाऊस कोसळला, तर पाण्याला समुद्रात जायला वाटच उरत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी 4.48 मीटरची भरती होती.

पाण्याची ही चढ-उतार मुंबईत अपोलो बंदरावर 1878 पासून नोंदली जाते. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. भारतीय बंदरांसाठी हे खालचं शून्य गणिताने कसं ठरवायचं, याची पद्धत घालून देणारे होते जॉर्ज डार्विन, उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचे चिरंजीव. आपल्या किनाऱ्यावर मात्र भरतीची वेळ काढायचं गणित घरोघरी होतं: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. आजही करून बघा, मुंबईच्या आसपास ते फार चुकत नाही. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येतो आणि पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं. सगळी मेख तेवढ्यातच आहे.

## नकाशावरचा आकडा म्हणजे कमीत कमी पाणी

जहाजाचा नकाशा पहिल्यांदा समोर पसरला की गोंधळायला होतं, कारण आपल्या सवयीच्या नकाशाच्या तो अगदी उलटा असतो. जमीन पिवळट आणि जवळजवळ रिकामी. किनाऱ्यावरच्या गावांपैकी समुद्रावरून ओळखता येईल तेवढंच दाखवलेलं: देवळाचा कळस, धुराडं, टेकडी, दीपगृह. पाणी मात्र आकड्यांनी भरलेलं. ओहोटीला उघडा पडणारा भाग हिरवट, उथळ पाणी निळं, खोल पाणी पांढरं. आकड्यांच्या मधे बारीक अक्षरं, तळ कसला आहे ते सांगणारी: वाळू, चिखल, खडक. नांगर टाकायचा तर हे आधी बघावं लागतं, कारण चिखलात नांगर रुततो आणि सपाट खडकावर घसरतो.

समजा एके ठिकाणी 3 आणि त्याच्या पायाशी छोटा 4 आहे. म्हणजे तिथे मोठ्या ओहोटीलाही साधारण 3.4 मीटर पाणी मिळेल. या क्षणी किती आहे? भरतीच्या तक्त्यात आत्ताची पातळी बघायची. ती 1.2 मीटर असेल, तर 3.4 अधिक 1.2, एकूण 4.6 मीटर. तुमच्या बोटीचा पाण्याखालचा भाग दोन मीटर असेल, तर तळाखाली 2.6 मीटर उरले. हाच तो तक्ता, ज्यातून महापालिकेचे साडेचार मीटर येतात. मोठी जहाजं बंदराबाहेर नांगर टाकून तासन्‌तास उभी दिसतात, त्यातली कित्येक याच बेरजेची वाट बघत असतात. आकड्याखाली रेघ असेल, तर अर्थ उलटा: ती जागा ओहोटीला पाण्याबाहेर येते आणि आकडा तिची उंची सांगतो.

पुलाखालची मोकळी जागा मात्र मोठ्या भरतीच्या पातळीपासून मोजतात, म्हणजे तिथेही कमीत कमी काय मिळेल तेच लिहायचं. हा नकाशा दोन्हीकडून वाईटात वाईट वेळ धरून चालतो. मला त्याबद्दल फार आदर वाटतो.

## तळ मोजायचा कसा

अलिबागच्या बाजूच्या एका तांडेलकाकांबरोबर मी एकदा होडीतून गेलो होतो. त्यांच्याकडे खोली दाखवणारं छोटं यंत्र होतं. तरी खाडीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी फळीखालून दोरीला बांधलेला शिशाचा गोळा काढला. गोळ्याच्या बुडाला खळगा होता आणि त्यात ग्रीस भरलेलं. गोळा सोडला, दोरी सैल पडली तशी ताणून धरली आणि वर घेताना दोन्ही हात पसरून ती मापली. एक, दोन, तीन. “तीन वाव हाय, दादा,” ते म्हणाले. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर, साधारण सहा फूट. यंत्रावर 5.6 मीटर दिसत होतं, हिशोब जुळला. पण काकांचं लक्ष ग्रीसकडे होतं. त्यात शिंपल्यांचा चुरा चिकटून आला होता. त्यांनी तो अंगठ्याने चोळून बघितला, बोट पाण्यात धुतलं आणि सुकाणू थोडं डावीकडे घेतलं.

हजारो वर्षं जगभर खोली अशीच मोजली गेली. समुद्राचा तळ मोजून नकाशा करण्याच्या शास्त्राला जलालेखन म्हणतात. पुढे गोळ्याची जागा आवाजाने घेतली. जहाजाच्या बुडातून आवाजाचा ठोका खाली सोडायचा, तळावर आपटून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत आला, तर त्याने 30 मीटर कापले. जाणं-येणं मिळून म्हणून निम्मे, म्हणजे खोली 15 मीटर.

ऐकायला सोपं आहे, करायला किचकट. पाणी गरम की थंड, खारं की गोडं, यावर आवाजाचा वेग बदलतो. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी वर गोडं पाणी आणि खाली खारं असे थर असतात, तिथे तोच ठोका दोन वेगांनी जातो. होडी डोलत असते, तो डोल वजा करावा लागतो. आणि मोजणी चालू असताना भरती-ओहोटी काही थांबत नाही. म्हणून किनाऱ्यावर कुणीतरी पाण्याची पातळी सतत नोंदवत असतं, आणि दर क्षणाच्या खोलीतून त्या क्षणाची भरती वजा करून आकडा पुन्हा त्या शून्यावर आणला जातो.

आता एका ठोक्याऐवजी पंख्यासारखे पसरलेले शेकडो ठोके एकदम सोडतात. जहाज पुढे जाईल तसा खालचा पूर्ण पट्टा मोजून होतो. पट्ट्याची रुंदी खोलीच्या साधारण तिप्पट-चौपट असते, आणि सगळी अडचण तिथेच आहे. हजार मीटर खोल पाण्यात एका फेरीत तीन-चार किलोमीटर रुंद पट्टा मिळतो. दहा मीटर पाण्यात मिळतात जेमतेम 30-40 मीटर. म्हणजे जिथे धोका जास्त, त्या किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच काम सगळ्यात सावकाश होतं. शेत नांगरल्यासारख्या तासामागून तास फेऱ्या मारायच्या, एकही पट्टा सुटू द्यायचा नाही.

आपल्याकडे हे काम नौदलाची मोजणी जहाजं करतात. नकाशे तयार होतात समुद्रापासून खूप दूर, डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयात, आणि मोजणाऱ्यांचं शिक्षण होतं गोव्यात, वास्कोला. गेल्या काही वर्षांत संधायक, निर्देशक आणि इक्षक ही भारतात बांधलेली नवी जहाजं या कामावर आली आहेत.

## रिकामी जागा मोकळी नसते

नकाशा बघताना आपला डोळा एक चूक हमखास करतो. दोन आकड्यांच्या मधली कोरी जागा त्याला मोकळं पाणी वाटते.

बाजार समितीत धान्याचं पोतं तपासताना त्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे काढतात. ते स्वच्छ निघाले तर माल स्वच्छ धरतात. पण नळी जिथून गेली तिथलंच आपल्याला कळलेलं असतं. बाजूला बोटभर अंतरावर खडा असेल, तर त्या मुठीला त्याचा पत्ता नाही. शिशाच्या गोळ्याने घेतलेली खोली म्हणजे तशी एक मूठ. पंख्यासारखी मोजणी म्हणजे अख्खं पोतं सुपात घेऊन पाखडणं. अडचण अशी, की आजही जगातल्या कितीतरी नकाशांवर दोन्ही प्रकारचे आकडे शेजारी-शेजारी बसलेले असतात आणि छापल्यावर दिसतात सारखेच.

7 ऑगस्ट 1992 ला ‘क्वीन एलिझाबेथ 2’ हे प्रसिद्ध प्रवासी जहाज अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळून जात होतं. पाण्यात सुमारे 32 फूट बुडालेलं. वाटेवर नकाशात 39 फुटांचा आकडा होता आणि वर भरतीचं थोडं पाणी. म्हणजे सात-आठ फूट शिल्लक. जहाज खडकांवर आदळलं. ते खडक नकाशात नव्हते, कारण तिथली मोजणी 1939 सालची होती आणि तिच्यातून ते निसटले होते. दुसरं कारण वेगाचं. मोठं जहाज उथळ पाण्यातून जोरात गेलं की त्याच्या पोटाखाली कोंडलेलं पाणी वेगाने मागे सरकतं, तिथला दाब कमी होतो आणि जहाज खाली ओढलं जातं. फलाटावर उभं असताना न थांबणारी मेल गेली की आपण तिच्याकडे ओढल्यासारखे होतो ना, काहीसं तसंच. हे जहाज चोवीस-पंचवीस नॉटच्या वेगात होतं. (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, 1852 मीटर.) सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

म्हणून चांगल्या नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते. कोणता भाग कोणत्या साली मोजला, ते तिच्यात दाखवलेलं असतं. नवशिका आधी आकडे बघतो. जाणता अधिकारी आधी ती चौकट बघतो.

## पण आता जीपीएस आहे ना?

हा प्रश्न रास्त आहे. जीपीएस तुम्हाला सांगतं की तुम्ही कुठे आहात. खडक कुठे आहे हे ते सांगत नाही, ते नकाशाच सांगतो. आणि नकाशा जुना असेल, तर खडकाची जागा तेव्हाच्या माणसाने तारे बघून किंवा किनाऱ्यावरच्या खुणांवरून ठरवलेली असते. तुमची जागा पाच-दहा मीटरपर्यंत अचूक आणि खडकाची शेकडो मीटर चुकलेली, अशी जोडी फार वाईट. पूर्वीचा माणूस जागेबद्दल शंका होती म्हणून खडकापासून मैलभर लांब राहायचा. आजचा माणूस पडद्यावरच्या ठिपक्यावर विश्वास ठेवून जवळून जातो.

17 जानेवारी 2013 ला अमेरिकी नौदलाचं ‘गार्डियन’ हे जहाज फिलिपिन्सजवळच्या तुब्बाताहा प्रवाळखडकावर चढलं. त्याच्या संगणकातल्या नकाशात तो खडक खऱ्या जागेपासून सुमारे आठ सागरी मैल दूर दाखवला होता. जहाज शेवटी तुकडे करून न्यावं लागलं.

दुसरा घोळ पडदा लहान-मोठा करण्याचा. संगणकातल्या नकाशात दूरचं दृश्य घेतलं की बारीक तपशील आपोआप लपतात, नाहीतर पडदा भरून जाईल. कधीकधी जवळचा तपशीलवार नकाशा जहाजावर घेतलेलाच नसतो. 25 जुलै 2020 ला ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळात रुतलं. जपानच्या चौकशीत निघालं ते असं: मोबाइलला रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ नेलं, आणि त्या भागाचा तपशीलवार नकाशा जहाजावर नव्हताच. सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. मॉरिशसच्या माणसांनी, ज्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे मराठी लोकही आहेत, उसाचं पाचट कापडात भरून त्याचे लांब लोळ शिवले आणि तेल अडवायला पाण्यात सोडले.

शिवाय जीपीएस बंद पाडता येतं, फसवताही येतं. 2025 च्या जूनमध्ये इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आसपास शेकडो जहाजांच्या पडद्यांवर चुकीच्या जागा दिसत होत्या. अशा वेळी जुनी रीतच हाताशी असते. होकायंत्रावरून एका दीपगृहाची दिशा घ्यायची, मग दुसऱ्याची. नकाशावर दोन्ही रेघा ओढायच्या. जिथे छेदतील तिथे तुम्ही. मुंबईच्या तोंडाशी कुलाब्याचं प्राँग्ज दीपगृह 1875 पासून आणि खांदेरीचं 1867 पासून या रेघांसाठी उभं आहे.

## उपग्रहावरून तळ दिसत नाही का?

नाही. रडारच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. नितळ, उथळ पाण्यात उजेडावरून थोडा अंदाज बांधता येतो. कोकणच्या गढूळ पाण्यात तेही जमत नाही. खोल समुद्रात पाण्याखालच्या डोंगराच्या गुरुत्वाकर्षणाने पृष्ठभागावर किंचित फुगवटा येतो आणि तो उपग्रहाला मोजता येतो, पण त्यातून ढोबळ आकारच कळतो, माथा नेमका किती मीटरवर आहे ते नाही. 8 जानेवारी 2005 ला अमेरिकेची ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अणुपाणबुडी गुआम बेटाच्या आग्नेयेला अशाच बुडालेल्या डोंगरावर आदळली आणि एक खलाशी मरण पावला. ते वापरत असलेल्या नकाशावर तो डोंगर नव्हता.

आपल्याकडेही विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला गेलात तर चहूकडे पाणीच पाणी. खाली मात्र वीस-पंचवीस मीटरवर प्रवाळांचं भलंमोठं पठार आहे. त्याला आंग्रिया बँक म्हणतात, कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून. वरून त्याची काही खूण नाही. 2025 च्या जूनपर्यंत जगाच्या समुद्रतळापैकी सुमारे 27 टक्केच भाग आधुनिक पद्धतीने मोजून झाला होता.

## एकदा मोजलं की झालं, असं का नाही?

कारण तळ हलतो. नद्या गाळ आणून टाकतात, खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात, बंदरात गाळ उपसून केलेली वाट पुन्हा भरते. आणि जहाजं बुडतात. मे 2025 मध्ये ‘एमएससी एल्सा 3’ केरळच्या किनाऱ्याजवळ 640 कंटेनरसह बुडालं, तेव्हा ती जागा आणि वाहत निघालेले कंटेनर दोन्ही इतर जहाजांना तातडीने कळणं भाग होतं.

असे इशारे आधी रेडिओवरून जातात. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरासह आपल्या भागाची ती जबाबदारी भारताकडे आहे. मग दर पंधरा दिवसांनी डेहराडूनहून दुरुस्त्यांची पुस्तिका निघते. कागदी नकाशा असेल, तर जहाजावरचा अधिकारी बारीक निबेने जांभळट लाल शाईत जुना आकडा खोडतो, नवा लिहितो आणि नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात त्या दुरुस्तीचा क्रमांक नोंदतो. एका जहाजावर शेकडो नकाशे. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते चुकलं तर कुणाला लगेच कळतही नाही. संगणकातल्या नकाशात दुरुस्ती आपोआप भरता येते. 2026 पासून तर अशी नवी पद्धत वापरायला परवानगी आहे, ज्यात खोली, भरती आणि प्रवाह एकाच पडद्यावर एकत्र दिसतील, म्हणजे वर आपण केली ती बेरीज यंत्रच करेल. पण मूळ आकडा कुणीतरी तिथे जाऊन मोजलेलाच लागतो.

## छोट्या होड्यांचं काय?

तांडेलकाकांच्या होडीत नकाशा नव्हता. परत येताना त्यांनी मला एक जागा दाखवली. म्हणजे त्यांनी दाखवली म्हणून ती जागा, नाहीतर सगळीकडे सारखंच पाणी. टेकडीचा माथा आणि किनाऱ्यावरची एक जुनी चिमणी एका रेघेत आली, आणि दुसऱ्या बाजूला देवळाचा कळस माडांच्या टोकाला लागला, की ती जागा. दोन रेघा छेदतात तिथे तुम्ही, हेच ते गणित, होकायंत्राशिवाय. “हितं जाळं आडकतं,” ते म्हणाले. त्यांच्या वडलांचंही अडकायचं. खाली काय आहे हे कुणी पाहिलेलं नाही.

घरी आल्यावर मी त्या भागाचा नकाशा काढला. मोठ्या प्रमाणावरचा, एक सेंटिमीटरला अडीचशे मीटरवाला. जागा अंदाजाने शोधली. एका बाजूला एक आकडा, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि मधे दीड सेंटिमीटर कोरं.

समुद्रावर कुणालाही असं काही आढळलं तर जलालेखन कार्यालयाला कळवण्यासाठी एक ठरावीक अर्ज असतो. तो जहाजांच्या अधिकाऱ्यांना माहीत असतो, बंदरात माहीत असतो. तो कोळीवाड्यात, मच्छीमार सोसायटीच्या टेबलावर, मराठीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. काकांना मी त्या अर्जाबद्दल सांगितलं. त्यांनी तो कसा असतो, कुठे पाठवायचा, हे नीट विचारून घेतलं. मग म्हणाले, “येक नाय, दादा. आमच्याकडं आशा सात जागा हायेत. कागद जरा मोठा आना.”